जटायूचा चेहरा बदलतो तेव्हा

सत्यजित राय यांच्या, फेलूदा या गुप्तहेराच्या बंगाली कथा प्रकाशनक्रमाने लावा आणि नुसती चित्रं पाहत जा. त्यांतलं एक पात्र, रहस्यकथालेखक लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू, मध्येच पार बदललेला दिसेल. ही चित्रं खुद्द राय यांचीच.

‘सोनार केल्ला’ ही फेलूदा-कथा १९७१ साली ‘देश’ या बंगाली नियतकालिकाच्या शारदीय अंकात आली, तेव्हा जटायूचा चेहरा राय यांच्या मनातला होता. १९७४ साली त्यांनी त्यावर चित्रपट केला आणि जटायूसाठी संतोष दत्त यांना घेतलं. दत्त पेशाने वकील. टक्कल, मिशी आणि डोळ्यांत भाबडं कुतूहल! ते भूमिकेत असे काही चपखल बसले की पुढच्या कथांमध्ये राय जटायू हुबेहूब त्यांच्यासारखा काढू लागले. लेखकाने नटाला दिलेली याहून मोठी दाद मला ठाऊक नाही. १९८८ साली दत्त गेले. त्यानंतर राय यांनी फेलूदावर चित्रपट केला नाही.

राय यांच्या हाताला चित्राची सवय आधीपासूनच होती. शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे शिकून १९४३ साली ते डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत लागले, महिना ८० रुपयांवर. आजोबा उपेंद्रकिशोरांनी १९१३ साली काढलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक त्यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह १९६१ साली पुन्हा सुरू केलं. अंकाला मजकूर हवा, चित्रंही हवीत. राय दोन्ही करू लागले. फेलूदाची पहिली कथा १९६५ साली याच ‘संदेश’मध्ये आली. लाल कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये ते पटकथा लिहीत, त्याच पानांवर प्रसंगांची आणि पोशाखांची रेखाटनं करत. फेलूदाचा जन्मही अशाच एका वहीतला.

यातला एक धागा थेट आपल्याकडे येतो. शांतिनिकेतनात शिकत असताना राय अजिंठा-वेरूळ पाहून गेले होते. पुढे ‘कैलासे केलेंकारी’त भुवनेश्वरच्या देवळातलं यक्षीचं मस्तक चोरीला जातं आणि माग काढत फेलूदा वेरूळच्या कैलास लेण्यात पोहोचतो. कथेत खूनही आहे, पण फेलूदाचं रक्त उसळतं ते शिल्प फोडून परदेशी विकणाऱ्यांवर. हा संताप चित्रकार राय यांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठी घरांतही आला. मुलांच्या हाती तो देताना राय यांची चित्रंही आवर्जून दाखवा. हा लेखक आधी पाहायचा आणि मग लिहायचा, हे मुलांना आपसूक कळेल.