उत्तरपत्रिका दिसते, गुण मात्र सहसा बदलत नाहीत

परीक्षेच्या निकालावरून विद्यापीठाला न्यायालयात खेचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाटेत आजही उभा राहणारा एक निर्णय महाराष्ट्राच्याच शिक्षण मंडळाच्या खटल्यातला आहे. मंडळाच्या विनियमानुसार गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का एवढीच खातरजमा, मागता येत असे. उत्तरपत्रिका पाहण्यास आणि पुनर्मूल्यांकनास, म्हणजे नव्याने गुणदान करून घेण्यास, मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई अवैध ठरवली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरवला आणि शैक्षणिक धोरणात तज्ज्ञांच्या जागी न्यायाधीशांनी बसू नये, अशी भूमिका घेतली.

यातला पाहण्याचा भाग २०११ मध्ये सुटला. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातील ‘माहिती’ असून ती परीक्षार्थीला पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात ठरवले. परीक्षकाची ओळख मात्र झाकता येते आणि उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपली की हक्कही संपतो, हे अर्जदाराच्या सहसा उशिरा लक्षात येते. पुनर्मूल्यांकनाची तरतूद नियमांत नसेल, तर न्यायालय तसा आदेश अगदी अपवादानेच देते. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या आदर्श उत्तरसूचीबाबतही कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात १९८३ मध्ये घालून दिलेला निकष कडकच आहे: सूची बरोबर आहे असे गृहीत धरायचे आणि ती चूक असल्याचे निर्विवाद दाखवण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, असे असूनही त्या खटल्यात विद्यार्थी जिंकले होते.