चोवीस खिडक्यांचे घड्याळ

चार वर्षांच्या मुलाला ‘अजून तीन आठवडे आहेत हं’ असे सांगून पाहा. तासाभराने ते विचारील, ‘झाले का तीन आठवडे?’ हा हट्ट नव्हे. आठवडा डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही. मग तो केवढा, हे त्या जिवाने ओळखावे कसे? आपली भाषाही त्याच्या मदतीला येत नाही. ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो आणि यायच्या दिवसालाही!

जर्मनीत या अडचणीवर एक नामी तोड निघाली. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी ख्रिस्ती लोकांचा ‘ॲडव्हेंट’, म्हणजे आगमनाची वाट पाहण्याचा काळ, सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात तेथील काही घरांत दारावर खडूने २४ रेघा ओढीत आणि मुलांनी रोज एक रेघ पुसायची. दुसऱ्या काही घरांत बाळ येशूच्या रिकाम्या गव्हाणीत रोज गवताची एक काडी ठेवायची. पाहिलेत ना? पहिली रीत वजाबाकीची, दुसरी बेरजेची. पहिलीत उरलेले दिवस दिसतात, दुसरीत गेलेले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्यूनिक येथील गेरहार्ट लांग या मुद्रकाने छापील ॲडव्हेंट कॅलेंडरे काढली. लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर २४ खाऊ लावून देत असे, त्यावरून त्याला हे सुचले म्हणतात. मग पुठ्ठ्याला उघडझाप करणाऱ्या खिडक्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईने हा उद्योग थंडावला. १९४६ साली श्टुटगार्टच्या रिखार्ड झेल्मर यांनी तो पुन्हा सुरू केला. ॲडव्हेंटचा पहिला दिवस दरवर्षी बदलतो, पण छापील कॅलेंडर सरळ १ डिसेंबरला सुरू होऊन २४ ला संपते. दुकानदारीची सोय, दुसरे काय!

आता खिडक्यांमागे कधी चॉकलेट असते, तर कधी खेळणी. मला विचाराल तर खेळण्यांचेच कॅलेंडर अधिक शास्त्रीय. चॉकलेट पोटात जाते आणि त्याबरोबर तो दिवसही नाहीसा होतो. खेळणे मात्र उरते. माझी बहीण जर्मनीत असते. एका डिसेंबरात मी तिच्याकडे असताना भाचीबरोबर रोज सकाळी एक खिडकी उघडण्याचे काम माझ्याकडे आले. कधी कुंपणाचा तुकडा निघे, कधी शेळी, कधी ढकलगाडी. खिडक्यांवरचे आकडे मुद्दामच उलटसुलट छापलेले. त्यामुळे ‘९’ शोधण्यातच पाच मिनिटे जात. पहिल्या आठवड्यात ती रोज विचारी, ‘मामा, अजून किती?’ पुढे तिने विचारणे सोडले. शेळ्या-कुंपणांची रांग पाहायची, मग बंद खिडक्यांवरून बोट फिरवायचे, की तिचे उत्तर तिला मिळे.

आपले जुने घटिकापात्र आठवा. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटीत चढलेले पाणी म्हणजे गेलेला काळ, आणि कोरडा काठ म्हणजे उरलेला. भाचीची शेळ्यांची रांग आणि बंद खिडक्या यांचे नाते अगदी हेच. एक वाढते तसे दुसरे घटते. बेरीज सदैव २४!

पण मूल थांबते कसे? खिडकी म्हणजे नुसता पुठ्ठा, बोटाने फाटेल असा. १९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल आणि एबेसन यांनी शिशुवर्गातील मुलांपुढे पर्याय ठेवला: आता कमी आवडीचा खाऊ, थांबलात तर जास्त आवडीचा. खाऊ समोर मांडून ठेवला तेव्हा मुले सरासरी सुमारे १ मिनिट थांबली. दृष्टीआड ठेवला तेव्हा ११ मिनिटांहून अधिक. झाकण ही क्षुल्लक गोष्ट नव्हे! (असे थांबणारी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात, हा नंतर गाजलेला निष्कर्ष मात्र २०१८ सालच्या मोठ्या पाहणीत बराच लंगडा ठरला.)

याहून महत्त्वाचा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ सालचा. तेथे २८ मुलांना आधी चित्रकलेचे छान साहित्य आणून देण्याचे वचन दिले. निम्म्यांना ते मिळाले. उरलेल्यांना सांगितले, ‘नाही बुवा, संपले.’ त्यानंतर खाऊची परीक्षा घेतली. वचन पाळलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवल्या गेलेल्या गटातील अवघी ३ मिनिटे! म्हणजे ज्याला आपण मुलाचा उतावीळपणा म्हणतो, तो पुष्कळदा मोठ्यांच्या वागण्यावरून त्याने केलेला हिशेब असतो. ‘उद्याची खिडकी रिकामी निघणार’ असे ज्याला वाटते, त्याने आजच दोन फोडणे यात कोणती चूक?

घरी धाकटे भावंड असेल तर २४ रिकाम्या काड्यापेट्या चिकटवून असे कॅलेंडर तुम्हीही करू शकाल. नाताळच हवा असे नाही. मामाच्या गावाला जायचा दिवसही चालेल. आत गोटी, शंख, बटण, काहीही ठेवा, पण एकही पेटी रिकामी नको आणि एकही दिवस चुकवू नका. रोज उघडण्याआधी ‘अजून किती राहिल्या?’ असे विचारा आणि मिळालेले उत्तर वहीत तारखेपुढे लिहा. ते अचूक येऊ लागते तो दिवस कितवा, आणि मूल त्यासाठी उघड्या पेट्या मोजते की बंद, हेही टिपून ठेवा.