पॉइंट रेझ दीपगृह

पॉइंट रेझ दीपगृह हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील एक ऐतिहासिक दीपगृह आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येस, पॅसिफिक महासागरात दूरवर शिरलेल्या खडकाळ भूशिरावर ते उभे आहे. येथील दिवा १ डिसेंबर १८७० रोजी प्रथम प्रज्वलित करण्यात आला.

स्थान व रचना

दीपगृहासाठी सामान्यतः उंच जागा निवडली जाते. येथे मात्र भूशिराचा माथा वर्षातील बराच काळ दाट धुक्यात बुडालेला असतो. माथ्यावरील दिवा जहाजांना दिसला नसता. त्यामुळे कड्याच्या मध्यावर, खडक फोडून तयार केलेल्या सपाटीवर दीपगृह बांधण्यात आले. सोळा बाजूंच्या या मनोऱ्याची उंची केवळ ३७ फूट आहे.

भिंग

दीपगृहातील पहिल्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग १८६७ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले. त्याला २४ उभी दले असून ते फिरताना समुद्रावरून दर पाच सेकंदांनी एक झोत दिसे. खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळासारखे यंत्र भिंग फिरवीत असे. रात्रभर दर दोन तास वीस मिनिटांनी हे यंत्र हाताने गुंडाळावे लागे. तेलाच्या दिव्याची वात कातरणे आणि काचेवरील काजळी पुसणे हीदेखील रक्षकांची नित्याची कामे होती.

१९०६ चा भूकंप

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५:१२ वाजता झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात हे भिंग आपल्या रुळांवरून घसरले. त्या दिवशी दिवा मालवण्याची नियोजित वेळ ५:२५ होती. रक्षकांनी दिवसभरात दुरुस्ती करून सायंकाळी दिवा पुन्हा लावला. परिणामी एवढ्या विनाशकारी भूकंपातही दीपगृहाच्या सेवेत केवळ १३ मिनिटांचा खंड पडला.

सद्यस्थिती

१९७५ मध्ये स्वयंचलित दिवा बसविल्यानंतर जुने भिंग सेवेतून निवृत्त झाले. ते आजही मूळ जागी जतन केलेले आहे. वास्तूची व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवेकडे असून २०१९ मध्ये जीर्णोद्धारानंतर ती पुन्हा खुली झाली. दीपगृहापर्यंत ३१३ पायऱ्या उतराव्या लागतात. चढण परतीच्या वाटेवर असल्याने उतरण्यापूर्वीच आपल्या शक्तीचा अंदाज घेणे हिताचे ठरते. वारा फार जोराचा असल्यास पायऱ्या बंद ठेवल्या जातात. हिवाळ्यात येथून स्थलांतर करणारे करडे देवमासे दिसतात.