मृदाजीव व औद्योगिक रसायने
औद्योगिक रसायन जमिनीत मिसळल्यास तेथील गांडुळे, सूक्ष्मजंतू, वनस्पती इ. सजीवांना कितपत अपाय संभवतो, हे ठरविण्यासाठी धोक्याचे मूल्यमापन करतात. विषाक्तता हा रसायनाचा अंगभूत गुणधर्म असतो. धोका मात्र ते मृदेत किती प्रमाणात पोहोचते यावरही अवलंबून असतो. म्हणून या दोन बाबी प्रथम स्वतंत्रपणे अजमावून नंतर त्यांची तुलना करतात.

औद्योगिक रसायने कीटकनाशकांप्रमाणे शेतात मुद्दाम फवारली जात नाहीत. ती बहुधा आडवाटेने येतात : सांडपाण्यातून वाहितमल संस्करण केंद्रात, तेथे गाळाला चिकटून आणि तो गाळ खत म्हणून पसरला की शेतात. हवेतून खाली बसणारा अंश हा दुसरा मार्ग होय. यूरोपीय पद्धतीत लागवडीच्या जमिनीवर दर चौ.मी.ला वर्षाकाठी ०·५ किग्रॅ. शुष्क गाळ १० वर्षे पसरला, असे गृहीत धरून २० सेंमी. जाडीच्या थरातील संहती काढतात.

विषाक्ततेसाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या प्रमाणित चाचण्या प्रचलित आहेत. १९८४ च्या चाचणीत आयसेनिया फेटिडा  जातीची गांडुळे रसायनमिश्रित कृत्रिम मृदेत १४ दिवस ठेवून निम्मी गांडुळे मारणारी संहती काढतात. ही मृदा ७०% वाळू, २०% केओलीन व १०% पीट यांची असते. परंतु गांडूळ जगले, एवढ्यावरून रसायन निरुपद्रवी ठरत नाही. पुष्कळदा मारक संहतीपेक्षा बऱ्याच कमी संहतीतही प्रजनन खुंटते आणि प्रौढ गांडुळे धडधाकट दिसत असताना पुढची पिढी घटते. यासाठी २००४ च्या चाचणीत प्रौढांना २८ दिवसांनी काढून घेऊन आणखी २८ दिवसांनी पिलांची संख्या मोजतात. सूक्ष्मजंतूंची गणना न करता त्यांचे कार्य पाहतात : मृदेत लसूणघासाचे पीठ मिसळून २८ दिवसांत किती नायट्रेट बनले, हे मोजतात.

एका अल्पकालीन चाचणीचाच आधार असल्यास तिच्यातील संहतीला १,००० ने भागून सुरक्षित मर्यादा काढतात. तीन पोषण पातळ्यांवरील दीर्घकालीन निष्कर्ष उपलब्ध असल्यास, त्यांपैकी सर्वांत कमी अपायरहित संहतीला १० ने भागणे पुरते. हे भाजक म्हणजे अज्ञानाची किंमतच होय. मृदेतील अपेक्षित संहती या मर्यादेपेक्षा जास्त निघाल्यास अधिक चाचण्या करतात किंवा रसायनाच्या उत्सर्जनावर निर्बंध घालतात. मृदा-चाचणीची माहितीच नसेल, तर जलचरांवरील निष्कर्षांवरून गणिताने अंदाज बांधतात. मृदेला घट्ट चिकटणारी रसायने गांडुळाच्या पोटात मातीबरोबरच जातात. हा मार्ग गणितात येत नसल्याने अशा रसायनांसाठी गुणोत्तर दहापट धरतात. यूरोपीय संघात २००७ मध्ये अंमलात आलेल्या ‘रीच’ नियमांनुसार वर्षाला १०० टन किंवा अधिक उत्पादन वा आयात असलेल्या रसायनांसाठी मृदाजीवांवरील परिणामांची माहिती मागितली जाते. मृदेशी संपर्क संभवत नसल्यास सूट मिळते.

या चाचण्यांचे निष्कर्ष भारतीय मृदांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. आयसेनिया  ही मुख्यतः खताच्या ढिगात वाढणारी जात असून ती प्रयोगशाळेत सहज पोसता येते, म्हणून निवडलेली आहे. शेतजमिनीत तिचा आढळ क्वचितच. चाचणी सु. २०° से. तापमानास होते. दख्खनच्या काळ्या मृदेत केओलिनाइटाऐवजी माँटमोरिलोनाइट गटाच्या खनिजांचे प्राबल्य असते व कार्बनी द्रव्य कृत्रिम मृदेपेक्षा फारच कमी असते. त्यामुळे कार्बनी द्रव्याला चिकटणारे रसायन तेथे गांडुळांना अधिक प्रमाणात उपलब्ध होऊ शकते, तर धातूंचे आयन मृत्तिका-खनिजांवर अधिक अडकून राहू शकतात.