विमानांतून द्राक्षमद्याच्या बाटल्या सुखरूप कशा आणाव्या

आंबेगांव तालुक्यांतील आहुपे हा गांव सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर वसलेला आहे. येथें भात, नाचणी व वरी यांपलीकडे फारसें पीक नाहीं. रानांतील हिरडा वेंचून विकावा, तेव्हां चार पैसे हातीं येतात. अशा गांवच्या मनुष्यानें विमान आणि द्राक्षमद्य यांविषयीं लेख लिहावा हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या माथ्यावर पडणारा पाऊस घोड नदीनें डिंभे धरणांत जातो, तें धरण कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांपैकीं एक आहे, आणि त्या प्रकल्पाच्या पाण्यानें जुन्नर-नारायणगांवाकडील बागाईत वाढली आहे. त्यामुळें तिकडील द्राक्षाच्या घडाशीं आमचा अगदींच संबंध नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

ज्यास हल्लीं सर्वत्र वाईन म्हणतात तें द्राक्षमद्य या भागास नवीन नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं नारायणगांव येथें फेसाळ द्राक्षमद्याचा कारखाना उभा केला, व तेथील माल ‘ओमर खय्याम’ या नांवानें परदेशीं गेला. पुढें ती कंपनी टिकली नाहीं; तथापि येथील द्राक्षापासून असा माल होऊं शकतो, हें सिद्ध झालें. 2001 सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. आतां बागाईतदारांचीं मुलें परदेशचे मळे पाहण्यास जातात आणि येतांना नमुन्यादाखल एकदोन बाटल्या आणतात. त्या नीट आल्या तर चार जणांस चव पाहून आपल्या मालाशीं ताडून पाहतां येते. फुटल्या तर पैसे जातात, कपडे जातात आणि शिकण्याची संधीहि जाते.

नारायणगांवच्या माझ्या एका मित्राच्या मुलाचें असेंच झालें. फ्रान्सांत ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत एका लहान शेतकऱ्यानें त्याला आपल्या घरच्या दोन बाटल्या दिल्या. एक पांढऱ्या द्राक्षाची होती व दुसरी शिराझ जातीची. या मुलानें स्वतःच्या मळ्यांत शिराझच लावली असल्यामुळें ती दुसरी बाटली त्याला सोन्याहून अधिक होती. ती दुकानांत मिळण्यासारखी नव्हती. घरीं येऊन पेटी उघडली तों सारे कपडे लाल झालेले, आणि बाटलीची मान तुटून बुटाशेजारीं पडलेली! तो मला म्हणाला, “काका, वर हवा विरळ असते, म्हणून ती फुटली असेल.” मीं पेटी पाहिली. बाटली एका कोपऱ्यांत होती. तिच्याभोंवतीं एक पातळ सदरा होता, शेजारीं टांचेचा बूट होता, आणि पेटी एक-तृतीयांश रिकामी होती. बिचाऱ्या हवेचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

विरळ हवेची भीति पुष्कळांस वाटते, म्हणून तिचा उलगडा प्रथम करतों. प्रवासी विमानांत माणसें बसतात त्या भागाप्रमाणेंच खालच्या सामानाच्या खोलींतहि हवेचा दाब राखलेला असतो. तो फार झाला तरी सुमारें 2,400 मीटर उंचीवरील हवेइतका उतरतो. आपल्या कळसूबाईचें शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे फरक आहे, पण भयंकर नाहीं. फेसाळ मद्याच्या बाटलींत मुळांतच पांच-सहा वातावरणांचा दाब असतो व तिची कांच त्या बेतानेंच जाड केलेली असते. तिच्यापुढें ही घट क्षुल्लक होय. साध्या मद्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली व बुचानें घट्ट असल्यामुळें तिलाहि या दाबाचें भय नाहीं. अर्धवट भरलेल्या मधाच्या प्लास्टिकच्या बाटल्या मात्र फुगून झिरपतात. मुलांस मध पाठविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

खरा शत्रु म्हणजे आघात. पेटी पट्ट्यावरून घसरते, गाडींत फेंकली जाते, व दुसऱ्या पेट्यांखालीं दबते. माझी आई नाचणीच्या कणगींत अंडीं पुरून ठेवीत असे. अंडें अंड्यास लागत नसे, कणगीच्या भिंतीसहि लागत नसे, आणि मध्यें पोकळी राहत नसे. बाटलीचेंहि शास्त्र एवढेंच आहे.

पेटी कठीण पाठीची घ्यावी. प्रत्येक बाटली प्रथम प्लास्टिकच्या जाड पिशवींत घालून तोंड चिकटपट्टीनें बंद करावें, व वर दुसरी पिशवी चढवावी. दैवयोगानें फुटलीच तर ओल बाहेर येणार नाहीं. तान्ह्या मुलांचे शोषक लंगोट मिळतात, त्यांतील एक भोंवतीं गुंडाळल्यास फारच उत्तम. बाटलीची मान हा तिचा नाजूक भाग असल्यामुळें तिच्यावर जाड पायमोजा चढवावा. नंतर सबंध बाटलीस लोंकरी कपड्याचे दोन-तीन वेढे द्यावे. पेटीच्या तळाशीं कपड्यांचा थर देऊन बाटली मधोमध ठेवावी. ती कोणत्याहि भिंतीपासून निदान चार बोटें आंत असावी, आणि दोन बाटल्यांमध्यें कपड्यांची उशी असावी. बूट, चार्जर, डबे वगैरे कठीण जिन्नस तिच्याजवळ ठेवूं नयेत. शेवटीं रिकामी जागा भरून काढावी, पेटी बंद करून उभी-आडवी हालवावी व कान द्यावा. आंत कांहीं सरकलें तर पुन्हा उघडून भरावी. या एका परीक्षेनें निम्में नुकसान टळेल.

पेटीचें वजनहि आधीं पाहावें. साधी भरलेली बाटली सुमारें सव्वा ते दीड किलो भरते, फेसाळ मद्याची त्याहून जड असते. बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरहून मोठ्या भांड्यांतील द्रव हातच्या पिशवींतून नेऊं देत नाहींत, म्हणून बाटली मोठ्या पेटींतच घालावी. विमानतळावरील दुकानांतून घेतलेली बाटली मोहोरबंद पिशवींत देतात, ती पिशवी मुक्कामापर्यंत फोडूं नये. शेंकडा 24 पर्यंत मद्यार्क असलेल्या पेयांवर विमानाच्या सुरक्षिततेचें बंधन नाहीं. द्राक्षमद्य बहुधा शेंकडा 12 ते 15 असतें. जकातीचें मात्र बंधन आहे. भारतांत येणाऱ्या प्रौढ प्रवाशास मद्य दोन लिटरपर्यंतच जकातीवांचून आणतां येतें. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या दीड लिटर होतात. तिसरी घेतली कीं मर्यादा पाव लिटरनें ओलांडली. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वीं विमान कंपनीकडे चौकशी करावी. राज्यांतील मद्यविषयक कायदा 1949 चा असून त्यांतील परवान्याचीहि माहिती घ्यावी.

आतां शेतकऱ्याच्या हातून सहज होणारी एक चूक सांगतों. बाटलीभोंवतीं पेंढा किंवा तूस घालण्याचा मोह आपणांस होईल, कारण गाडीबैलाच्या काळीं तोच उपाय होता. परदेशाहून येतांना तो करूं नये. पेंढ्याबरोबर कीड व रोगाचें बीज येतें, आणि सरहद्दीवरील तपासनीस तो संशयानेंच पाहतात. याहून मोठा मोह म्हणजे चांगल्या वेलीची काडी कपड्यांत लपवून आणण्याचा. 1863 च्या सुमारास त्याच ऱ्होनच्या खालच्या खोऱ्यांत द्राक्षवेली वाळूं लागल्या. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नांवाची मुळें शोषणारी कीड आली होती. तिनें पुढें फ्रान्सचे बहुतेक मळे उध्वस्त केले, व अमेरिकन खुंटावर कलमें बांधावीं तेव्हांच ते सांवरले. बाटली फुटली तर एका घराचें नुकसान. काडीबरोबर रोग आला तर तालुक्याचें. काडी हवी असल्यास ती सरकारी परवान्यानें व तपासणी होऊनच यावी.

विमान उतरलें म्हणजे काम संपलें असें समजूं नये. चैत्र-वैशाखांत पेटी बंद मोटारींत उन्हांत ठेवल्यास मद्य तापून बिघडतें, व बूच वर सरकूं शकतें. मुंबईहून माळशेज घाट चढतांना किंवा घोडेगांवाहून डिंभ्यावरून आमच्याकडे येतांना जे हिसके बसतात, ते विमानाच्या धक्क्यांहून कमी नाहींत. म्हणून पेटी घरीं येईपर्यंत मध्यें उघडूं नये. घरीं आल्यावर बाटली थंड, अंधाऱ्या जागीं आठवडाभर विसांवूं द्यावी व मगच उघडावी.

पांढऱ्या द्राक्षाची बाटली वांचली होती. ती नारायणगांवास पांच-सहा बागाईतदारांनीं मिळून चाखली, व आंबटपणा कोठवर राखावा यावर रात्रीं उशिरापर्यंत बोलणें चाललें. शिराझवर मात्र बोलतां आलें नाहीं. तिच्याजागीं डाग पडलेला कागद तेवढा टेबलावर होता. तो मुलगा यंदा पुन्हा जाणार आहे. त्याच्या सामानांत आमच्या घरची जाडी लोंकरी घोंगडी मीं आतांच देऊन ठेविली आहे.