मोबाइलमधला पुरावा जपून ठेवा!

मैत्रिणींनो, उसने पैसे घेतल्याची कबुली, पोटगी नाकारणारा फोन, शेताच्या वाटणीवरून दिलेली धमकी... हल्ली हे सगळं मोबाइलमध्येच असतं. बचत गटाच्या कामासाठी मी शहादा-तळोद्याकडच्या गावांत जाते, तेव्हा बायका मेसेजच्या झेरॉक्स पुढे करतात. "ताई, एवढं बास ना कोर्टाला?" नाही, एवढं बास नाही.

आपल्याच महाराष्ट्रातलं जालन्याचं प्रकरण बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला, असं म्हणत कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलेलं होतं. पण सीडीसोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात! तरी औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

त्या निकालात आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी आहेत. मेसेजची किंवा रेकॉर्डिंगची नक्कल द्यायची, तर प्रमाणपत्र हवंच. फोनच्या मालकाने मूळ फोनच साक्षीच्या वेळी हजर केला, तर ते लागत नाही. आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असेल व मागूनही मिळत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करायचा. कोर्ट ते मागवू शकतं.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू झाला. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटाच्या खटल्यात नवरा-बायकोचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून घेता येतं, असं सांगितलं. अर्थात, त्याचा खरेखोटेपणा कोर्ट तपासणारच.

म्हणून सांगते, वाद चालू असताना जुना फोन दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका. रागाच्या भरात मेसेज पुसू नका, रेकॉर्डिंग कापू नका. कुणाकडे प्रमाणपत्र मागायचं तर लेखी मागा, पोच घ्या.

वकिलाच्या फीची चिंता वाटते? उत्पन्न कितीही असो, बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करा. सोन्याची पावती आपण वर्षानुवर्षं जपतो. मग आपल्या हक्काचा पुरावा का नाही जपायचा?