चालन पट्टा, बहुपयोगी वाहनांतील

एंजिनाची शक्ती चाकांकडे नेण्यासाठी दोन कप्प्यांभोवती फिरणारा, पाचरीच्या आकाराचा छेद असलेला रबराचा अखंड पट्टा. शेते, वने, बांधकामाच्या जागा व बर्फाळ प्रदेश अशा ठिकाणी माणसे आणि सामान वाहून नेणाऱ्या छोट्या चारचाकी (क्वचित सहाचाकी) बहुपयोगी वाहनांत एंजिन आणि गिअरपेटी यांच्या दरम्यान असा पट्टा बसविलेला असतो. तो वाहनाच्या इतर भागांच्या मानाने स्वस्त असतो. परंतु तो तुटताच वाहन जागच्या जागी थांबते व चढावर किंवा उतारावर ही गोष्ट धोक्याची ठरते. पट्टा निव्वळ वयामुळे क्वचितच निकामी होतो. बहुधा काही सेकंदांच्या घसरणीत निर्माण झालेली उष्णता त्याला मारक ठरते आणि ही घसरण टाळणे बव्हंशी चालविणाऱ्याच्या हाती असते.

इतिहास : पिठाच्या गिरणीत दिसणारा रुंद, सपाट पट्टा हा या पट्ट्याचा पूर्वज होय. पाचरी छेदाचा रबरी पट्टा अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये प्रचारात आणला. अशा पट्ट्याने मोटारगाडीचा वेगबदल आपोआप घडवून आणण्याचा यशस्वी व्यापारी प्रयत्न नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने केला. हुब व्हान डोर्न यांच्या कल्पनेनुसार तयार केलेली या कंपनीची ‘डाफ ६००’ ही छोटी मोटारगाडी १९५८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात मांडण्यात आली. तिची शक्ती दोन रबरी पट्ट्यांमार्फत मागील चाकांकडे जात असे. पुढे हिमवाहनांत ही पद्धत रूढ झाली. १९८८ मध्ये आलेले कावासाकी कंपनीचे ‘म्यूल’, त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आलेले पोलॅरिस कंपनीचे ‘रेंजर’ व २००३ मधील यामाहा कंपनीचे ‘ऱ्हायनो’ या वाहनांबरोबर ती बहुपयोगी वाहनांतही स्थिरावली. भारतीय वाचकाला तिचा परिचय आहे तो गिअर नसलेल्या स्कूटरमुळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा या भारतीय-जपानी संयुक्त कंपनीने अशी स्कूटर भारतात लोकप्रिय केली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटरींच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली असाच पट्टा फिरत असतो.

कार्य : दोन्ही कप्प्या प्रत्येकी दोन शंक्वाकार तबकड्यांच्या बनलेल्या असतात. त्यांपैकी एक तबकडी स्थिर व दुसरी दंडावर पुढेमागे सरकणारी असते. एंजिनाच्या दंडावरील प्राथमिक कप्पीत काही वजने बसविलेली असतात. एंजिनाची गती वाढली म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ती बाहेर फेकली जातात व सरकत्या तबकडीला आत ढकलतात. त्यामुळे खाच अरुंद होऊन पट्टा कप्पीच्या परिघाकडे चढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे त्याच वेळी दुय्यम कप्पीच्या तबकड्या स्प्रिंगच्या विरोधात दूर होतात व तेथे पट्टा दंडाकडे उतरतो. अशा रीतीने वेगांचे गुणोत्तर आरंभी सुमारे ३ : १ असते, ते सलगपणे घटत सुमारे ०·७ : १ पर्यंत येते. दुय्यम कप्पीत एक मळसूत्री उतारही असतो. चाकांवरील भार वाढला की या उतारामुळे तबकड्या एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि पट्टा अधिक घट्ट धरला जातो.

शक्तीचे वहन केवळ पट्ट्याच्या तिरप्या बाजूंवरील घर्षणाने होते. पट्ट्याचा तळ कशालाही टेकत नाही. खाचेचा कोन २८° धरल्यास पाचरीच्या परिणामामुळे मिळणारी पकड त्याच ताणाच्या सपाट पट्ट्याच्या सुमारे चौपट असते. पट्ट्याच्या आतील बाजूचे दात पाहून तो दातांनी ओढला जातो, असा पुष्कळांचा समज होतो, पण तो चुकीचा आहे. पट्ट्याला लहान त्रिज्येत सहज वाकता यावे व त्याच्याभोवती हवा खेळावी, एवढाच त्या दातांचा हेतू असतो.

पट्ट्याचा ताण त्याच्या पाठीजवळ, रबरात पुरलेल्या दोऱ्या सोसतात. पूर्वी त्या पॉलिएस्टरच्या असत. स्टेफनी क्वोलेक यांनी ड्यूपाँट कंपनीत १९६५ मध्ये लावलेल्या शोधातून पुढे आलेल्या अरामिड धाग्यांचा वापर आता सर्रास होतो. काही पट्ट्यांत कार्बन धागेही असतात. रबर कृत्रिम असून ते क्लोरोप्रीन अथवा त्याहून अधिक उष्णता सहन करणाऱ्या एथिलीन-प्रॉपिलीन वर्गातील असते. [→ रबर].

उष्णता आणि घसरण : पट्टा वाकताना, कप्पीच्या खाचेत शिरताना व तीतून निघताना आणि किंचित घसरताना शक्तीचा काही अंश उष्णतेत रूपांतरित होतो. पट्टा ३० किवॉ. शक्ती वाहून नेत असेल व त्याची कार्यक्षमता ९०% असेल, तर ३ किवॉ. उष्णता त्या छोट्या बंदिस्त पेटीत निर्माण होते. घरगुती १,००० वॉटच्या तीन विजेच्या शेगड्या एखाद्या पातेल्यात कोंडाव्यात, तशी ही स्थिती असते. रबराच्या बाबतीत स्थूलमानाने असा नियम सांगतात, की त्याचे कार्यकारी तापमान दर १०° से.ने वाढले की आयुष्य निम्मे होते. यावरून पेटीत हवा खेळती ठेवण्याचे महत्त्व ध्यानात येते. कप्प्यांच्या तबकड्यांवर पंख्यासारखी पाती असतात व ती नळीवाटे बाहेरची हवा आत ओढून घेतात. या नळीचे तोंड गवताच्या काड्या, चिखल वा धूळ यांनी बुजले, तर वरकरणी काहीही न बिघडता पट्ट्याचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

पट्ट्याची सर्वांत कठीण वेळ वाहन वेगात असताना येते, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असून १५ किवॉ. शक्ती द्यावयाची आहे असे समजू. प्राथमिक कप्पीवर पट्टा ९ सेंमी. त्रिज्येवर असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८ मी. असतो व ओढणाऱ्या आणि सैल बाजूंच्या ताणांत सुमारे ५३० न्यूटन एवढा फरक पुरतो. तोच पट्टा ३·५ सेंमी. त्रिज्येवर असेल, तर वेग सेकंदाला ११ मी. होतो व तेवढ्याच शक्तीसाठी ताणांतील फरक सुमारे १,३६० न्यूटन, म्हणजे अडीच पटींहून अधिक व्हावा लागतो. शिवाय लहान त्रिज्येवर पट्ट्याला सर्वांत अधिक वाकावे लागते आणि कप्पीशी त्याचा स्पर्शही सर्वांत कमी लांबीवर होतो. म्हणजेच जड ओझे घेऊन संथपणे चढ चढणे, चिखलातून ट्रेलर ओढणे, दगडांवरून इंचाइंचाने पुढे सरकणे या, वाहन ज्यांसाठी घेतले जाते त्या, कामांतच पट्ट्यावर कमाल ताण येतो. यावर उपाय म्हणून बहुतेक वाहनांत पट्ट्याच्या पुढे ‘मंद’ व ‘जलद’ अशा दोन पायऱ्यांची गिअरपेटी असते. मंद पायरीत तेवढ्याच जमिनी वेगाला एंजिन अधिक फेरे करते व पट्टा मोठ्या त्रिज्येवर चालतो. ही पायरी फक्त वाहन रुतल्यावर वापरावयाची आहे, या गैरसमजापायी जेवढे पट्टे जळतात तेवढे अन्य कोणत्याही एका कारणाने जळत नसावेत.

वाहन सुरू होण्याच्या क्षणाचा विचार वेगळा करावा लागतो. स्कूटरमध्ये दुय्यम कप्पीपुढे एक केंद्रोत्सारी क्लच असतो. पट्टा सदैव ताणलेला असून एंजिन चालू असताना तो फिरतच असतो व आरंभीची घसरण क्लचच्या अस्तरांवर होते. यामाहाच्या बहुपयोगी वाहनांत असाच क्लच प्राथमिक कप्पीच्या आधी, तेलात बुडवून बसविला जातो. अन्य अनेक वाहनांत मात्र स्वतंत्र क्लच नसतो आणि पट्टा व प्राथमिक कप्पी हाच क्लच होय. एंजिन मंद चालत असता तबकड्या पट्ट्यापासून अलग असतात. गती वाढली की त्या थांबलेल्या पट्ट्याला येऊन भिडतात. प्रत्येक आरंभी पट्टा थोडा घासला जातो, तो या रचनेमुळे. स्कूटरचा पट्टा साधारणपणे २०,००० ते २५,००० किमी. टिकतो, तर बहुपयोगी वाहनाचा पट्टा काही हजार किमी. टिकेल किंवा एका दुपारीही जळेल. या तफावतीचे मूळ पुष्कळसे येथे आहे.

निकामी होण्याचे प्रकार : काढलेला पट्टा नीट न्याहाळल्यास वाहन कसे वापरले गेले, हे बऱ्याच अंशी सांगता येते. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे दोन्ही तिरप्या बाजूंवर समोरासमोर पडलेला खोलगट डाग. चाके रुतलेली असताना, गोठलेली असताना किंवा ब्रेक दाबून धरलेला असताना एंजिनाची गती वाढविली, तर चाके अडलेली असल्यामुळे पट्टा हलत नाही. प्राथमिक कप्पी मात्र त्याच्या एकाच भागावर फिरत राहते व काही सेकंदांत तेवढा भाग खरवडून टाकते. वरून पाहिल्यास तेथे पट्टा डमरूच्या कंबरेसारखा बारीक दिसतो. नंतर वाहन चालू लागले की हा बारीक भाग कप्पीतून जाताना दर वेळी ठराविक अंतराने धक्का बसतो. या धक्क्याचे कारण एंजिनात किंवा चाकांत शोधत बसण्यात बराच वेळ वाया जातो. असा पट्टा दुरुस्त होत नाही.

तिरप्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर पट्टा थोडाथोडा पण वारंवार घसरलेला असतो. तेल वा पाणी आत शिरणे, दुय्यम कप्पीची स्प्रिंग दुबळी होणे किंवा प्राथमिक कप्पीतील वजने झिजून अडकणे ही त्याची कारणे असू शकतात. दातांच्या मुळाशी आडव्या भेगा पडणे ही उष्णतेने व वार्धक्याने रबर कडक झाल्याची खूण होय. कडाक्याच्या थंडीत रबर ताठर होते व पट्टा तापण्यापूर्वीच जोराने वाहन हाकल्यास भेगा लवकर पडतात. एकाच कडेने दोऱ्या सुटून लोंबत असल्या, तर दोन्ही कप्प्या एका रेषेत नसाव्यात अथवा एखाद्या तबकडीला खरचटून धार आलेली असावी. एंजिनाचे आधार ढिले झाल्यानेही रेषा बिघडते. पट्टा आडवा, सरळ रेषेत तुटला असल्यास आकस्मिक धक्का हे कारण बहुधा असते. उसळीत अधांतरी फिरणारी चाके एंजिन जोरात असतानाच जमिनीला टेकली म्हणजे असा धक्का बसतो. मूळ मापापेक्षा मोठे व जड टायर बसविणे हौशी मालकांना आवडते. त्यामुळे पट्ट्यावरील भार कायमचा वाढतो, याचा विचार मात्र सहसा होत नाही.

सर्व बाजूंनी सारखी झीज होणे ही तेवढी नैसर्गिक गोष्ट. ती मोजण्यासाठी पट्ट्याची रुंदी पाहतात. २८° कोनाच्या खाचेत रुंदी १ मिमी.ने घटली की पट्टा सुमारे २ मिमी. आत बसतो. त्यामुळे आरंभी तबकड्यांना पट्टा गाठण्यास अधिक सरकावे लागते, सुरुवात धक्क्याने होते व कमाल वेगही घटतो. निर्मात्याने ठरविलेल्या रुंदीच्या मर्यादेखाली गेलेला पट्टा तुटेपर्यंत वापरणे ही खोटी काटकसर होय.

निगा : नवा पट्टा बसविण्यापूर्वी तबकड्यांवरील जळक्या रबराचा थर स्पिरिटने पुसून काढावा लागतो, तो राहिल्यास नवा पट्टा पहिल्या दिवसापासून घसरू लागतो. पट्टा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवितात. त्यावर पेट्रोल, वंगण किंवा गिरण्यांत सपाट पट्ट्यांना लावतात तसले चिकट द्रव्य कधीही लावीत नाहीत. पट्ट्यावर बाण असेल, तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा लागतो. पहिले सुमारे ५० किमी. भार व वेग बेताचा ठेवल्यास पट्ट्याच्या बाजू तबकड्यांवर सर्वत्र सारख्या बसतात. पेटीत पाणी शिरल्यास वाहन तटस्थ स्थितीत ठेवून एंजिन थोडा वेळ चालविले की पाणी उडून जाते.

अरामिड वा कार्बन धाग्यांचे महाग पट्टे अधिक ताण सोसतात, हे खरे आहे. परंतु घसरणाऱ्या पट्ट्याचे जळते ते रबर, दोऱ्या नव्हेत. म्हणून मूळ दोष तसाच ठेवून केवळ भारी पट्टा घातल्याने प्रश्न सुटत नाही. काही अभियंते पट्टा हा जाणूनबुजून ठेवलेला दुबळा दुवा मानतात. अतिभार आल्यास प्रथम तो जातो व त्याहून कितीतरी महाग असलेली गिअरपेटी आणि दंड वाचतात. ही बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे.

पर्याय : धातूच्या पट्ट्या व पोलादी चकत्या यांचा, तेलात चालणारा व ढकलून शक्ती नेणारा पट्टा नेदर्लंड्समध्येच विकसित झाला. १९८७ मध्ये तो सुबारू कंपनीच्या ‘जस्टी’ या मोटारगाडीत आला व पुढे अनेक मोटारगाड्यांत रूढ झाला. बहुपयोगी वाहनांत होंडा कंपनीने पट्टा टाळून दंतचक्रांच्या प्रेषणाचा मार्ग पत्करला. विद्युत् चलित्रावर चालणाऱ्या वाहनांना अशा पट्ट्याची गरजच उरत नाही.

पट्टा तुटल्यावर : चढ-उतारावर पट्टा तुटला तर एंजिनाचा चाकांशी असलेला संबंध सुटतो व एंजिनामुळे मिळणारा गतिरोध नाहीसा होतो. ओझे लादलेले वाहन मग केवळ ब्रेकवर अवलंबून राहते. तीव्र उतारावर उतरण्यापूर्वी जळक्या रबराचा वास, वाढत जाणारी एंजिनाची गती व त्या मानाने न वाढणारा वेग यांपैकी काहीही जाणवल्यास थांबून पट्टा पाहणे हितावह असते. एंजिन पूर्णपणे बंद होऊन कप्प्या थांबल्याखेरीज पेटीचे झाकण काढू नये. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्याचा सुटलेला तुकडा झाकण फोडून बाहेर येऊ शकतो. काही वेळ थांबणेही आवश्यक असते, कारण तबकड्या हात भाजण्याइतक्या तापलेल्या असतात. नवा पट्टा चढविण्यापूर्वी पेटीतील रबराचा प्रत्येक तुकडा व दोरीचा प्रत्येक धागा वेचून काढावा लागतो. दंडाभोवती गुंडाळलेला अरामिडचा एखादा धागा तेलबंद कडी कापतो व तेथून झिरपणारे तेल पुढच्या पट्ट्यालाही निकामी करते.